डी-डायमर, पायाचा डॉपलर, छातीचा सीटी अँजिओ: गुठळी शोधताना पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत

पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का, किंवा तिथून सुटून ती फुप्फुसात जाऊन बसली आहे का, हे शोधायला आपल्याकडे मुख्यतः तीन तपासण्या मिळतात. लॅबमध्ये रक्ताची डी-डायमर, सोनोग्राफी सेंटरमध्ये पायाच्या शिरांचा म्हणजे व्हीनस डॉपलर आणि सीटी स्कॅनच्या ठिकाणी फुप्फुसाच्या धमन्यांचा म्हणजे पल्मनरी अँजिओ. तिन्हींची दरपत्रकं वेगळी, काउंटर वेगळे, सह्या करणारे डॉक्टरही वेगळे. म्हणून लोक त्या सुट्या सुट्या वस्तूंसारख्या विकत घेतात आणि इथेच फसतात. यातली प्रत्येक तपासणी तिच्या नंबरावर केली तरच कामाची. नंबर चुकला की चांगली लॅब, महागडं मशीन सगळं फुकट.

एक गोष्ट आधीच. अचानक धाप लागली आहे, श्वास घेताना छातीत टोचतंय, चक्कर येऊन माणूस पडला आहे, थुंकीतून रक्त आलं आहे, यातलं काही असेल तर हा रिव्ह्यू बाजूला ठेवा. १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा. लॅबच्या रांगेत हा पेशंट उभा करायचा नसतो.

टेप आणि कागद: पाचपैकी पाच

पहिली तपासणी फुकट आहे. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या १० सेंटिमीटर खाली दोन्ही पायांवर पेनाने खूण करायची आणि शिंप्याच्या टेपने पोटरीचा घेर मोजायचा. सुजलेल्या बाजूचा घेर दुसरीपेक्षा ३ सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर एक गुण. नजरेच्या अंदाजावर हा गुण देऊ नये. दोन्हीकडे खूण एकाच उंचीवर नसेल तर मापही खोटं येतं.

हा गुण ज्या स्कोअरमधला, तो कॅनडातल्या डॉ. फिलिप वेल्स यांच्या नावाने ओळखला जातो. बाकीचे गुणही एकेकच आहेत: कॅन्सर चालू असणं, पायाला प्लास्टर किंवा लकवा, ३ दिवस किंवा जास्त अंथरुणाला खिळणं किंवा गेल्या १२ आठवड्यांत मोठं ऑपरेशन, खोल शिरेच्या रेषेत दाबल्यावर दुखणं, अख्खा पाय सुजणं, फक्त त्याच पायावर बोट दाबल्यावर खळगा पडणं, व्हेरिकोज नसलेल्या वरच्या शिरा फुगून दिसणं, आणि पूर्वी कधी गुठळी झालेली असणं. या सगळ्यांच्या शेवटी एक उणे दोनचा कलम आहे, आणि आमच्या मते स्कोअरमधला सगळ्यात शहाणा कलम तोच. गुठळीइतकंच किंवा त्याहून जास्त पटणारं दुसरं कारण समोर असेल तर दोन गुण वजा. गुडघ्यामागची बेकर्स सिस्ट फुटून पाणी पोटरीत उतरलेलं असतं, कातडीला लालभडक सेल्युलायटिस असतो, खेळताना स्नायू फाटलेला असतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात एका पायाची जुनी सूज दिसली की हत्तीरोगही मनात धरावा लागतो. बेरीज २ किंवा जास्त आली तर गुठळीचा संशय दाट, १ किंवा कमी आली तर विरळ.

फुप्फुसासाठी वेगळा स्कोअर आहे. पायात गुठळीची लक्षणं दिसत असतील तर ३, बाकी कशापेक्षा हेच निदान जास्त संभवत असेल तर ३, नाडी १०० च्या वर दीड, गेल्या ४ आठवड्यांत ऑपरेशन किंवा अंथरुणाला खिळणं दीड, पूर्वी गुठळी दीड, थुंकीत रक्त १, कॅन्सर १. बेरीज ४ च्या वर गेली की संशय दाट.

पाऊल वरच्या बाजूला वाकवून पोटरी दुखते का बघायची जुनी पद्धत अजून चालते. तिच्यावर विसंबू नका. गुठळी असताना दुखत नाही आणि नसताना दुखतं, दोन्ही सर्रास होतं.

डी-डायमर: नीट वापरली तर चार, हेल्थ चेकअप पॅकेजात शून्य

शरीरात फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या धाग्यांची, जाळी बनून ती विरघळू लागली की तिचे जे तुकडे रक्तात येतात, त्यांचं हे माप. जाळी फक्त शिरेतल्या गुठळीतच बनते असं नाही. न्यूमोनिया, कॅन्सर, बाळंतपण, मार, ऑपरेशन, लिव्हरचा आजार, नुसतं वाढतं वय, या सगळ्यांत आकडा चढतो. म्हणून आकडा जास्त आला याचा अर्थ ‘गुठळी आहे’ असा होत नाही. आकडा कमी आला आणि स्कोअरनेही संशय विरळ सांगितला, तर मात्र गुठळी जवळजवळ नक्की नाही. ही तपासणी ‘नाही’ म्हणायला आहे, ‘हो’ म्हणायला नाही. कोविडच्या काळात घरोघरी डी-डायमर झाली आणि आकडा जितका मोठा तितकं संकट मोठं असा हिशोब लोकांच्या डोक्यात पक्का बसला, तो अजून निघालेला नाही.

यावरूनच कुणी ती करू नये हेही ठरतं. स्कोअर दाट आला असेल तर डी-डायमरसाठी थांबू नका, सरळ डॉपलर किंवा सीटी. ऑपरेशन होऊन दोन आठवडे झालेल्या माणसाची डी-डायमर जास्तच येणार, ती करून काय कळणार? गरोदरपणात महिने जातील तसा आकडा चढत जातो. आणि काहीही त्रास नसलेल्या माणसाच्या वार्षिक चेकअपात ही चाचणी घालणं म्हणजे त्याला विनाकारण सीटीच्या दारात नेऊन उभं करणं.

आता रिपोर्ट कसा वाचायचा. सगळ्यात जास्त घोटाळा एककांत होतो. फोनवर नातेवाईक सांगतात, ‘डॉक्टर, ०.६२ आलंय.’ कशाचं ०.६२? काही लॅब आकडा एफईयू या एककात देतात, काही डीडीयूत. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. त्यातही कुणी मायक्रोग्रॅम प्रति मिलीलीटर लिहितं, कुणी नॅनोग्रॅम. एफईयूमधली नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटर, म्हणजेच ०.५ मायक्रोग्रॅम. डीडीयूत तीच २५० च्या आसपास. आता दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. एकावर ‘०.६२ मायक्रोग्रॅम एफईयू’, दुसऱ्यावर ‘३८० नॅनोग्रॅम डीडीयू’. लाल बाण लॅबने दोघांसमोरही काढलाय, म्हणून नुसत्या नजरेला दोन्ही सारखेच वाटतात. पण दुसरा एफईयूत धरला तर ७६० होतो. पहिला ७२ वर्षांच्या माणसाचा आणि दुसरा ३५ वर्षांच्या बाईचा असेल, तर पहिल्याला काही नाही आणि दुसरीला डॉपलर हवा.

पहिल्याला काही नाही ते का? कारण पन्नाशीनंतर मर्यादा वयाला १० ने गुणून काढतात, एफईयू नॅनोग्रॅममध्ये. ७२ वर्षांना ७२०. आलेले ६२० त्याच्या आत बसतात. फुप्फुसातल्या गुठळीसाठी ही रीत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासाने तपासून घेतली, आणि तिच्यामुळे म्हाताऱ्या माणसांचे पुष्कळ सीटी वाचतात. डीडीयूत असेल तर गुणायचं ५ ने. लॅबच्या छापील रेंजमध्ये वयाचा विचार नसतो, बाण सगळ्यांना एकाच आकड्याला लागतो. हा हिशोब डॉक्टरने करायचा, आणि अर्थातच संशय विरळ असलेल्या पेशंटमध्येच.

लॅब निवडताना दोन गोष्टी विचारा. पद्धत कोणती? मशीनवरची लॅटेक्स इम्युनोटर्बिडिमेट्री किंवा एलायझाच्या जातीची पद्धत असेल तर ठीक. थेंब टाकून ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ सांगणाऱ्या कार्ड किंवा स्लाइड टेस्टची नजर तितकी तीक्ष्ण नसते, तिचं ‘निगेटिव्ह’ आम्ही फार जपून घेतो. दुसरं, रिपोर्ट किती तासांत? घरपोच सॅम्पल सकाळी आणि रिपोर्ट रात्री मेलवर, ही सोय थायरॉइडला चालते. गुठळीच्या संशयात तो दिवस पेशंटचा जातो. घरपोच डी-डायमरला म्हणून आम्ही एकच गुण देऊ, तोही रिपोर्ट चार तासांत येत असेल तर.

रक्त घेताना निळ्या टोपणाचा, रक्त गोठू न देणाऱ्या सायट्रेटचा बल्ब लागतो. त्यात रक्त आणि सायट्रेटचं प्रमाण ९ ला १ असतं, म्हणून रक्त खुणेपर्यंत भरलंच पाहिजे. अर्धवट भरला तर सायट्रेट जास्त होऊन नमुना पातळ होतो. भरल्यावर बल्ब तीन-चार वेळा हलकेच उलटासुलटा करायचा, घुसळायचा नाही. बल्बमध्येच रक्त गोठलं असेल तर ते टाकून नवीन घ्यावं लागतं. चांगली लॅब अशा वेळी फोन करून पुन्हा बोलावते. लोक चिडतात, पण त्या लॅबला आम्ही गुण वाढवून देऊ.

आणि खोटं ‘नॉर्मल’ कधी येतं? पेशंटने आधीच रक्त पातळ करणारं औषध सुरू केलं असेल तर, त्रास सुरू होऊन दोनेक आठवडे उलटले असतील तर, आणि गुठळी पोटरीतली अगदी लहान असेल तर. म्हणून रक्त पातळ करणारं हेपरिनचं इंजेक्शन द्यायचं ठरलं असेल तर बल्ब आधी भरावा, सुई नंतर.

पायाचा व्हीनस डॉपलर: चांगल्या हातात पाच, घाईच्या हातात दोन

चिठ्ठीवर नुसतं ‘डॉपलर’ लिहिलं असेल तर काउंटरवर विचारून घ्या. आर्टेरिअल डॉपलर धमन्यांचा, व्हीनस शिरांचा. डायबेटिसच्या पेशंटचे आर्टेरिअल इतके होतात की सवयीने तोच लावला जातो. दर एका पायाचा आणि दोन्ही पायांचा वेगळा असतो. व्हेरिकोज व्हेनसाठीचं मॅपिंग हा आणखी तिसरा प्रकार, त्यात उभं करून झडपा तपासतात. आपल्याला हवाय तो ‘व्हीनस डॉपलर, डीव्हीटी आहे का’. डीव्हीटी म्हणजे खोल शिरेतली गुठळी.

नावात डॉपलर आणि पडद्यावर लाल-निळा रंग असला तरी निदान रंगावर होत नाही. ते होतं दाबण्यावर. पेशंट पाठीवर, डोक्याची बाजू थोडी उंच म्हणजे पायाच्या शिरा भरून राहतात, पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि गुडघा किंचित वाकलेला. जांघेत प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा हातात धरायचा भाग, आडवा ठेवला की काळ्या रंगाचे दोन गोल दिसतात. आतल्या बाजूचा गोल शीर, बाहेरचा धडधडणारा धमनी. प्रोबने दाब दिला की निरोगी शीर पार मिटते, वरची भिंत खालच्या भिंतीला टेकते, एक रेघ उरते आणि सोडली की पुन्हा टपोरी होते. गुठळी असेल तर धमनीचा गोल चपटा होईपर्यंत दाबलं तरी शीर मिटत नाही. ताजी गुठळी पडद्यावर रक्ताइतकीच काळी दिसू शकते, म्हणून नुसतं बघून ‘शीर मोकळी वाटते’ म्हणणारा माणूस ती हुकवतो. हे दाबणं दर एक-दोन सेंटिमीटरवर करत जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत यायचं आणि पुढे पोटरीत उतरायचं. दाबताना प्रोब आडवाच हवा. उभा धरला तर तो शिरेवरून घसरतो आणि शीर मिटल्यासारखी भासते.

म्हणजे परीक्षण सोपं आहे. तुमच्या पायाला जेली लावून सोनोलॉजिस्टने जांघेत एकदा, गुडघ्यामागे एकदा दाबलं आणि दोन मिनिटांत उठवलं, तर ती दोन ठिकाणांची धावती तपासणी झाली. आणीबाणीत तीही चालते, पण रिपोर्टवर तसं लिहिलेलं असावं. कारण पोटरीतली गुठळी त्यात दिसत नाही आणि काहींच्यात ती पुढच्या काही दिवसांत वर सरकते. मांडीपर्यंतचीच तपासणी ‘नॉर्मल’ आली आणि संशय दाट असेल किंवा डी-डायमर चढलेली असेल, तर साधारण आठवड्याने डॉपलर पुन्हा करायचा असतो. हा दुसरा डॉपलर बहुतेक लोक करतच नाहीत. पहिला नॉर्मल आला ना, मग? अख्खा पाय पोटरीसकट नीट बघून झाला असेल तर सहसा पुन्हा करावा लागत नाही, म्हणून जास्त वेळ लावणारं सेंटर शेवटी स्वस्त पडतं.

पोटातल्या इलियाक शिरांवर दाब देता येत नाही. तिथे रंग आणि पडद्यावरची रक्तप्रवाहाची लहर कामाला येते. जांघेतली लहर श्वासाबरोबर वरखाली होत असेल तर वरचा रस्ता मोकळा असण्याची शक्यता जास्त. एका बाजूला ती सपाट झाली तर वर कुठेतरी अडथळा आहे. गरोदर बाईचा डावा पाय अख्खा सुजला, कंबर किंवा कुल्ला दुखतोय आणि डॉपलर मांडीपर्यंत नॉर्मल, ही कहाणी ऐकली की इलियाक बघितल्याशिवाय सोडू नये.

रिपोर्टातल्या एका शब्दाने आजवर भरपूर घात केला आहे. ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’. नावात सुपरफिशियल, पण ही मांडीतली खोल शीर आहे. तिच्यात गुठळी असेल तर ती डीव्हीटीच, तिला पूर्ण उपचार लागतात. ‘वरवरच्या शिरेत आहे, मलम लावा’ असं म्हणून पेशंट घरी गेला तर चूक नावाची, पण भोगणार पेशंट. नव्या रिपोर्टात नुसतं ‘फेमोरल व्हेन’ लिहितात. तुमचं सेंटर अजून जुनं नाव छापत असेल तर त्यांना बदलायला सांगा, खरंच सांगा.

घरी येऊन डॉपलर करणारं कुणी आहे का, असा प्रश्न हमखास येतो. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यामुळे सोनोग्राफीचं मशीन नोंदणी केलेल्या जागेशी बांधलेलं असतं, त्यामुळे सहसा नाही. अंथरुणावरच्या पेशंटला ॲम्ब्युलन्सने न्यावं लागतं. रविवारी किंवा रात्री सेंटर बंद असेल आणि संशय दाट असेल, तर रक्तस्रावाचा धोका बघून डॉक्टर उपचाराचा पहिला डोस देतात आणि डॉपलर २४ तासांच्या आत उरकतात. त्यांना तसं विचारायला लाजू नका.

सीटी पल्मनरी अँजिओ: साडेचार, पण बिनकामाची केली तर उणे

आधी गैरसमज मोडू. कोविडमुळे सगळ्यांना एचआरसीटी माहीत झाला. त्यात डाय, म्हणजे शिरेतून सोडायचं आणि सीटीत उजळ दिसणारं औषध, देत नाहीत. फुप्फुसाची जाळी त्यात सुंदर दिसते, पण धमनीतली गुठळी दिसायला डायच हवा. ‘परवाच एचआरसीटी केला, छाती क्लीन आहे’ हे वाक्य फुप्फुसातल्या गुठळीबद्दल काहीच सांगत नाही.

तयारीत किडनीचं काम सांगणाऱ्या क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट लागतो. पूर्वी डायची रिॲक्शन आली होती का ते सांगा, डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर तेही. किडनी बरीच कमजोर असेल तर ती गोळी तात्पुरती थांबवतात. इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवायची सुई, कोपराच्या घडीतल्या जाड शिरेत, हिरवी किंवा गुलाबी म्हणजे १८ किंवा २० नंबरची. मनगटावरच्या निळ्या २२ नंबरवर काम भागवलं तर डाय लागणाऱ्या वेगाने जात नाही. तो वेग साधारण सेकंदाला ४ ते ५ मिलीलीटर असतो. डाय जाताना अंगात गरम लाट येते, तोंडात धातूसारखी चव येते, लघवी झाल्यासारखं वाटतं. घाबरू नका, खरोखर झालेली नसते.

फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा वेळेमुळे. डाय फुप्फुसाच्या मुख्य धमनीत पोचला की मशीन सुरू व्हायला हवं, म्हणून टेक्निशियन त्या धमनीवर खूण लावून डाय चढताना बघतो. दुसरं कारण श्वास. ‘जोरात श्वास घ्या’ सांगितलं की पोटाकडून डाय नसलेलं रक्त हृदयात धावतं आणि धमनीतला डाय मधेच फिका पडतो. तो फिका भाग गुठळीसारखा दिसू शकतो. चांगला टेक्निशियन ‘हलकाच श्वास घेऊन थांबा’ म्हणतो, आणि डाय सोडण्याआधी एकदा कोरडी तालीम करून घेतो.

रिपोर्टात गुठळी कुठल्या फांदीपर्यंत दिसते हे हवंच, आणि शोध कुठवर घेता आला हेही. ‘डाय अपुरा, लहान फांद्या सांगता येत नाहीत’ असं प्रामाणिकपणे लिहिणारा रेडिओलॉजिस्ट ‘नो पीई’ (फुप्फुसात गुठळी नाही) असं तीन अक्षरांत संपवणाऱ्यापेक्षा कितीतरी भरवशाचा. शिवाय हृदयाचा उजवा कप्पा डाव्यापेक्षा मोठा झाला आहे का, ते माप लिहिलेलं असावं. पेशंट आयसीयूत ठेवायचा की वॉर्डात, हे ठरवायला ते लागतं.

किडनी फारच खराब असेल किंवा डायची भयंकर ॲलर्जी असेल तर व्हीक्यू स्कॅन, म्हणजे फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा स्कॅन, हा पर्याय आहे. तो न्यूक्लिअर मेडिसिनचा विभाग असलेल्या ठिकाणीच होतो, आणि छातीचा एक्स-रे नॉर्मल असेल तरच त्याचं उत्तर स्पष्ट येतं. गरोदर बाईला दम लागतोय आणि पायही सुजलाय, तर आधी पायाचा डॉपलर करावा. तिथे गुठळी सापडली तर उपचार तेच, सीटीची गरज बहुधा पडत नाही.

ईसीजी, एक्स-रे आणि इको यांनी गुठळी नाकारता येत नाही. ईसीजीत बहुतेक वेळा नुसती नाडी वेगवान दिसते, एक्स-रे कितीदा तरी नॉर्मल येतो. ते करायचे ते हार्ट अटॅक, न्यूमोनिया, फुप्फुसाभोवती हवा साठणं अशी दुसरी कारणं पकडायला.

गुठळी निघाली आणि उपचाराचा कोर्स संपत आला, की त्याच सेंटरमध्ये एकदा डॉपलर करून तो रिपोर्ट फिल्मसकट जपून ठेवा. जुनी गुठळी कित्येकदा पूर्ण विरघळत नाही, शिरेची भिंत जाड होऊन ती अर्धवट मिटते. दोन वर्षांनी तोच पाय पुन्हा सुजला तर नवीन गुठळी की जुना व्रण, हे त्या फिल्मशी ताडूनच सांगता येतं. पुढच्या वेळी सोनोलॉजिस्टच्या टेबलावर पहिल्यांदा तीच ठेवायची.